खामगाव-जळगावच्या वकिलानं मराठीला हसायला शिकवलं : श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची गोष्ट

जळगाव जामोद : आपल्या जिल्ह्यात एक नाव दोन ठिकाणी पाटीवर दिसतं. जळगाव जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर महाविद्यालय आहे आणि खामगावला कोल्हटकर स्मारक मंदिर आहे. एसटीतून उतरणारी, दुचाकीवरून जाणारी शेकडो पोरं रोज या नावाखालून जातात. पण हे कोल्हटकर कोण, असं विचारलं तर कोणी म्हणतं देणगी देणारे असतील, कोणी म्हणतं जुने पुढारी असतील. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरांना नाव माहीत असतं, पण तेही नोट्समधल्या दोन ओळींपुरतं. नाटककार, विनोदी लेखक, जन्म अमुक, मृत्यू तमुक. झालं.

मंडळी, हा माणूस देणगीदार नव्हता आणि पुढारीही नव्हता. तो आपल्याच कोर्टात वकिली करणारा वकील होता. खामगाव आणि जळगाव जामोद या दोन गावांत राहून त्यानं नाटकं लिहिली, कविता लिहिल्या, गोष्टी लिहिल्या, आणि मराठीत विनोदी लेख नावाचा प्रकारच उभा केला. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. वि. स. खांडेकरांसारखे लेखक त्यांचं लिखाण वाचून लिहायला लागले. पुणे-मुंबईच्या विद्वानांनी १९२७ साली त्यांना मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. म्हणून आज त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. घरात अकरावी-बारावीचं किंवा कॉलेजचं लेकरू असेल तर त्यालाही वाचायला द्या.

जन्म नागपूरचा, शाळा अकोल्याची

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूरला झाला. शाळा झाली अकोल्याला. तिथून १८८८ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. १८९१ साली बी.ए. झाले. १८९७ साली कायद्याची पदवी, म्हणजे एलएल.बी. मिळाली.

त्या काळी वऱ्हाडातल्या पोराला पुण्यात शिकायला जाणं ही लहान गोष्ट नव्हती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, पण कारभार इंग्रजांकडे. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आणखी एक गंमत बघा. कोल्हटकर वकील झाले तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यात मोडत होते. १९०५ साली जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा ते बुलढाण्यात आले. म्हणजे कोल्हटकर आपल्या जिल्ह्यात आले असं म्हणण्यापेक्षा जिल्हाच त्यांच्यापर्यंत चालत आला म्हणा.

पुण्यात शिकताना त्यांना नाटकाचं वेड लागलं. ते वेड समजून घ्यायचं तर तेव्हाचं नाटक कसं होतं ते आधी बघावं लागेल.

तेव्हाचं नाटक कसं होतं?

तेव्हा सिनेमा नव्हता, रेडिओ नव्हता. मोठी करमणूक म्हणजे नाटक कंपनी. कंपनी म्हणजे पन्नासेक माणसांचा फिरता संसार. पडदे, पेट्या, आचारी, गवई, नट, सगळे सोबत. बायकांची कामं पुरुषच करायचे. नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत चालायचं, कारण त्यात गाणीच गाणी.

मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थानं उभं केलं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. त्यांचं 'शाकुंतल' १८८० साली आलं, 'सौभद्र' १८८२ साली आलं. दोन्ही गोष्टी पुराणातल्या. शकुंतला-दुष्यंत आणि सुभद्रा-अर्जुन. लोकांना गोष्ट आधीच पाठ असायची. ते यायचे गाणं ऐकायला. गाण्याच्या चालीही ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, कीर्तनात ऐकलेल्या चाली.

कोल्हटकरांनी इथंच वेगळी वाट धरली. इंग्रजी शिकताना त्यांनी शेक्सपिअर वाचला होता, फ्रान्सचा मोलिएर वाचला होता. त्यांच्या मनात आलं, की गोष्ट पुराणातलीच कशाला पाहिजे? आपण नवी गोष्ट रचू. त्यात राजपुत्र असतील, वेषांतर असेल, एकाच्या जागी दुसरा असेल, गैरसमज होतील, आणि बोलणं असं असेल की प्रेक्षक गाण्याइतकाच संवादावर खूश होईल.

त्यातून पहिलं नाटक आलं 'वीरतनय'. किर्लोस्कर कंपनीनं ते १८९६ साली रंगभूमीवर आणलं. लक्षात घ्या, तेव्हा त्यांची वकिलीची परीक्षाही पूर्ण झाली नव्हती. पंचविशीतल्या पोराचं नाटक महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं केलं. चालीही त्यांनी बदलल्या. पारशी, गुजराती आणि उर्दू नाटकांतल्या चटकदार चाली मराठीत आणल्या. जुन्या लोकांना ते रुचलं नाही, तरुणांनी डोक्यावर घेतलं. आज एखाद्या गाण्यात नवा ठेका आला की घराघरात जो वाद होतो, तोच वाद तेव्हाही झाला.

काळा कोट आणि लेखणी

१८९७ नंतर कोल्हटकर वऱ्हाडात परतले. आधी अकोला, मग खामगाव, आणि पुढे जळगाव जामोद. हे जळगाव म्हणजे खान्देशातलं नव्हे, सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं.

खामगाव तेव्हा कापसाची नावाजलेली बाजारपेठ होती. जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा १८७० सालीच टाकला गेला तो या कापसासाठीच. जिथं बाजार तिथं पैसा, जिथं पैसा तिथं देणं-घेणं, आणि जिथं देणं-घेणं तिथं कोर्टकचेरी. बांधाचं भांडण, सावकाराचं कर्ज, भावकीची वाटणी. वकिलासमोर माणूस येतो तो आपलं दुखणं घेऊन येतो, आणि सोबत थोडं खोटंही घेऊन येतो. आपण कोर्टाच्या आवारात तासभर बसलो तरी माणसांचे किती नमुने दिसतात! हे तर वर्षानुवर्षं त्यातच होते.

ही पेरणी उगवली १९०२ साली. 'विविधज्ञानविस्तार' नावाच्या मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख छापून आला. वकिलाच्या त्या पहिल्या विनोदी लेखाचं नाव होतं 'साक्षीदार'. यातच सगळं आलं.

अठरा धान्यांचं कडबोळं

त्यानंतर असे लेख येत राहिले. त्यातले अठरा लेख एकत्र करून पुस्तक निघालं 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे'. साल १९१०. आपल्या भागातल्या माणसाला हे साल सांगायची गरज नाही. शेगावला गजानन महाराजांनी समाधी घेतली ते हेच साल. पुढे लेख वाढत वाढत बत्तीस झाले आणि १९२३ साली 'साहित्यबत्तिशी' या नावानं मोठी आवृत्ती आली.

नावाचा अर्थ आधी समजून घ्या, कारण तिथूनच विनोद सुरू होतो. सुदामा गरीब, मित्राकडे जाताना फडक्यात मूठभर पोहे बांधून नेतो. लेखक म्हणतो, माझं देणं तेवढंच गरिबीचं. आणि कडबोळं म्हणजे अनेक धान्यांचं भाजणीचं पीठ करून केलेला खाऊ. अठरा लेख म्हणजे अठरा धान्यं. शिवाय लेखकाच्या स्वतःच्या नावात वडिलांचं नाव कृष्ण, आणि गोष्ट सांगणारा सुदामा. असा तो शब्दाचा खेळ.

पुस्तकात तीन माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. स्वतः सुदामा, त्याचे मित्र बंडूनाना आणि पांडूतात्या. ही मंडळी जुन्या रिवाजांत, सणावारांत, सभासंमेलनांत अगदी गंभीर चेहऱ्यानं वावरतात आणि त्यातूनच त्या रिवाजाचं हसं होतं. 'शिमगा' आहे, 'श्रावणी' आहे. 'चोरांचे संमेलन' नावाचा लेख तर फार गाजला. मोठमोठी माणसं संमेलनं भरवतात, मग चोरांनी का भरवू नये? पुढे खुद्द लेखकालाच संमेलनाचं अध्यक्ष व्हावं लागलं, हा नशिबाचा विनोद.

कोल्हटकरांच्या आधी मराठीत विनोद नव्हता का? होता. तमाशात होता, भारुडात होता, गावच्या पारावर तर कायमच होता. पण निव्वळ विनोदासाठी लेख लिहायचा, त्यात ठरलेली माणसं आणायची, आणि हसवता हसवता समाजाचं वाईट दाखवायचं, हा छापील प्रकार त्यांनी रुजवला. त्याच वाटेनं पुढे गडकरी गेले, चि. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले, आचार्य अत्रे आले, पु. ल. देशपांडे आले. पु. लं.ची भाषणं आज आपण मोबाईलवर ऐकतो. त्या झऱ्याचं मूळ शोधत मागे गेलं तर वाट आपल्या जिल्ह्यात येते.

हा विनोद वाचायचा कसा?

आजचं पोरगं हे पुस्तक हातात घेतं आणि दोन पानांत कंटाळतं. दोष पोराचा नाही. त्याला किल्ली कोणी दिलेली नसते.

या विनोदाला उपहास म्हणतात. उपहासात लेखक जे बोलतो त्याच्या उलट त्याला म्हणायचं असतं. आपल्याला हे नवीन नाही. एखादा पिऊन नालीत पडला, तर शेजारी म्हणतो की साहेब नालीच्या कामाची पाहणी करत आहेत. ऐकणाऱ्याला कळतं, हा स्तुती करत नाही. कोल्हटकर हेच पानंच्या पानं करतात. बंडूनाना एखाद्या भोळ्या समजुतीच्या बाजूनं मोठा युक्तिवाद मांडू लागले, तर समजायचं की लेखक त्या समजुतीचा एकेक टाका उसवत आहे. वकीलच तो! समोरच्या पक्षाचं म्हणणं इतकं ताणून मांडायचं की ते आपोआप फाटलं पाहिजे.

दुसरी किल्ली म्हणजे कोटी. एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन केलेला खेळ. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी पट्टी, आणि कर म्हणजे काम कर. अशा शब्दांवर ते थांबून खेळतात. घाईनं वाचलं तर कोटी हातातून निसटते. म्हणून मोठ्यानं वाचायचं. चार जणांत बसून वाचलं तर आणखी चांगलं.

तिसरी किल्ली म्हणजे हसू कोणावर आहे ते बघणं. गरिबावर, दुबळ्यावर हसणं सोपं असतं. कोल्हटकरांचा रोख असतो तो रूढीला चिकटून बसलेल्या, शिकूनही डोकं न वापरणाऱ्या माणसावर. त्यांचा सुदामाही त्यातून सुटत नाही.

दारू, विधवा आणि रंगभूमी

नाटकं तर ते लिहीतच होते. एकूण बारा नाटकं झाली. 'मूकनायक' (१९०१), 'गुप्तमंजूष' (१९०३), 'मतिविकार' (१९०७), 'प्रेमशोधन' (१९११), 'वधूपरीक्षा' (१९१४), आणि पुढे 'सहचारिणी', 'जन्मरहस्य', 'परिवर्तन', 'शिवपावित्र्य', 'श्रमसाफल्य'. 'मायाविवाह' त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली छापून आलं.

इथं एक घोटाळा टाळा. 'मूकनायक' म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आंबेडकरांचं वृत्तपत्र आठवतं. ते ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालं. कोल्हटकरांचं नाटक त्याच्या बरंच आधीचं आणि विषयही वेगळा. पेपरात दोन्हींची गल्लत झाली तर मार्क जातात.

'मूकनायक' नाटकाचा विषय दारू. 'मतिविकार'चा विषय विधवेचं पुन्हा लग्न. १९०७ साल डोळ्यांपुढे आणा. आठव्या-दहाव्या वर्षी पोरीचं लग्न व्हायचं. नवरा तापानं, पटकीनं, प्लेगनं गेला तर त्या पोरीचं आयुष्य संपलं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तिचं डोकं भादरायचे, कोपऱ्यात बसवायचे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कायदा कागदावर आणि पोरगी कोपऱ्यात. अशा काळात हजार माणसं तिकीट काढून बसलेल्या नाटकात हा विषय आणणं म्हणजे धाडस होतं. त्याआधी १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकानं म्हाताऱ्याला पोरगी विकण्यावर आघात केला होता. कोल्हटकर त्याच सुधारणेच्या बाजूचे. फक्त त्यांची रीत वेगळी होती. देवल साध्या बोलीत काळजाला हात घालायचे, कोल्हटकर बुद्धीला गुदगुल्या करायचे.

गुरूपेक्षा चेला मोठा झाला

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोल्हटकरांची नाटकं आज कोणी करत नाही. त्यांच्या चेल्याची नाटकं मात्र अजून उभी राहतात.

तो चेला म्हणजे राम गणेश गडकरी. जन्म १८८५. कॉलेज अर्धवट सोडून हा तरुण किर्लोस्कर कंपनीत कामाला लागला. तिथं कोल्हटकरांची नाटकं चालू होती. त्यानं ती ऐकली, पाठ केली आणि कोल्हटकरांना गुरू केलं. गोविंदाग्रज या नावानं कविता, बाळकराम या नावानं विनोद आणि स्वतःच्या नावानं नाटकं, असा तो तीन हातांनी लिहायचा. कोट्या गुरूच्या, विनोदाची रीत गुरूची, पण त्यात गडकऱ्यांनी स्वतःचं एक घातलं. ते म्हणजे रडू.

दोघांची दारूवरची नाटकं शेजारी ठेवून बघा. गुरूनं 'मूकनायक'मध्ये दारूचा विषय घेतला तो प्रेमकथेच्या आणि गमतीच्या ताटात वाढला. चेल्यानं 'एकच प्याला' लिहिलं. त्यात सुधाकर नावाचा हुशार वकील एका प्याल्यापासून सुरू करतो आणि संसार, बायको, लेकरू, सगळं घालवतो. त्याची बायको सिंधू शेवटपर्यंत त्याला दोष देत नाही. प्रेक्षक रडत रडत बाहेर पडायचे. हे नाटक रंगभूमीवर आलं ते गडकरी गेल्यानंतर. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला गडकऱ्यांचा मृत्यू झाला. वय फक्त ३३. गुरू ४७ वर्षांचा, जळगाव-खामगावच्या वाटेवर वकिली करत जिवंत, आणि चेला गेलेला. पुढे पंधरा वर्षं कोल्हटकर जगले. आपल्याच रोपाला आपल्यापेक्षा मोठं झाड होताना त्यांनी पाहिलं आणि ते अकाली पडतानाही पाहिलं.

मग कोल्हटकरांची नाटकं मागे का पडली? कारणं सरळ आहेत. त्यांच्या गोष्टी फार गुंतागुंतीच्या असतात. कोण कोणाच्या वेषात आहे हे लक्षात ठेवताना प्रेक्षक दमतो. पात्रं कोट्या इतक्या करतात की राजा, नोकर, नायिका, सगळे एकसारखेच बोलतात. तोंड वेगळी, जीभ लेखकाची. आणि दुःख आलं की ते दुःखात थांबत नाहीत, लगेच शब्दाचा खेळ सुरू होतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पानफुटी जोरदार, पण बोंड कमी धरली.

तरी त्यांचं मोल कमी होत नाही. नवं वाण पहिल्यांदा लावणाऱ्याचं पीक कमी येतं, पण त्याच्यावरून शेजारी शिकतात. पुराणाच्या बाहेर पडून मनाची गोष्ट रचता येते, नाटकात विनोद नुसता विदूषकाच्या तोंडी न ठेवता सगळीकडे खेळवता येतो, गाण्याची चाल बदलता येते, हे कोल्हटकरांनी करून दाखवलं. गडकऱ्यांना ती जमीन नांगरलेली मिळाली.

कविता, गोष्ट आणि आकाशातलं गणित

कोल्हटकरांचं एक काम तर जुन्या पिढीच्या तोंडी होतं, फक्त कवीचं नाव माहीत नसायचं. महाराष्ट्राचा गौरव सांगणारं त्यांचं महाराष्ट्रगीत. कितीतरी शाळांत ते म्हटलं गेलं. सध्याचं राज्यगीत वेगळं, ते राजा बढे यांचं, २०२३ साली सरकारनं स्वीकारलेलं. कोल्हटकरांचं गीत त्याच्या फार आधीचं, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हतं तेव्हाचं. राहणार वऱ्हाडात, वऱ्हाड मध्य प्रांतात, आणि माणूस गाणं लिहितो अख्ख्या महाराष्ट्राचं. राज्य व्हायला १९६० साल उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी कवीनं नकाशा मनात काढून ठेवला होता.

त्यांनी कथाही लिहिल्या. 'श्यामसुंदर' आणि 'दुटप्पी की दुहेरी' या कादंबऱ्या लिहिल्या. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर आणि नाटकांवर त्यांनी मोठमोठी परीक्षणं लिहिली. छान आहे किंवा फालतू आहे एवढं बोलून ते थांबत नसत. गोष्ट कशी बांधली, पात्र कसं वागलं, कुठं पटलं नाही, याचा हिशोब मांडत. साहित्याच्या विद्यार्थ्याला रसग्रहण म्हणून जे लिहायला सांगतात, त्याची ही पक्की तालीम होती.

आणि एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. हा नाटककार आकाशातल्या ग्रहांचं गणितही करायचा. भारतीय ज्योतिषाच्या गणितावर त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला. ज्या जळगाव तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते, अक्षय तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचं भाकीत सांगतात आणि अख्खा महाराष्ट्र कान देऊन ऐकतो, त्याच तालुक्यात हा माणूस दिव्याच्या उजेडात ग्रहांच्या गतीचे आकडे मांडत बसायचा. गणित एक आणि भाकीत एक. कोणाचा विश्वास कशावर ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण भोळ्या समजुतींवर हसणाऱ्या माणसानं आधी आकाश स्वतः मोजून पाहिलं होतं, एवढं ध्यानात ठेवण्यासारखं आहे. माहिती न घेता टिंगल करणारे आज व्हॉट्सअॅपवर पैशाला पासरी आहेत.

शेवट

१९२७ साली पुण्यात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष झाले आपले कोल्हटकर. ज्या पुण्यात विद्यार्थी म्हणून गेले होते, तिथंच साहित्याच्या मोठ्या खुर्चीत बसले. त्यानंतर सात वर्षांनी, १ जून १९३४ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६२. त्यांचं 'आत्मवृत्त' पुढच्या वर्षी, १९३५ साली प्रसिद्ध झालं.

आता आपल्या पोरांसाठी

आपल्या तालुक्यांतून मराठी विषय घेऊन शिकणारी पोरं-पोरी खूप आहेत. त्यांना वाटतं की साहित्य म्हणजे पुण्या-मुंबईचा विषय. लेखक म्हणजे तिकडचाच माणूस. आपण फक्त गाईड पाठ करायचं. तसं नाही. मराठी विनोदाचा पाया घालणारा माणूस दिवसा आपल्या कोर्टात उभा राहत होता आणि रात्री लिहीत होता. त्याला पुण्यात घर करायची गरज पडली नाही. कापसाच्या गाड्या, सावकार, साक्षीदार, लग्नातला मानपान, सणावारचे सोपस्कार, हे सगळं त्यानं इथंच पाहिलं.

जुनं नाटक किंवा जुना लेख अभ्यासाला आला, तर आधी साल बघा. त्या साली गावात काय चालू होतं, पोरीचं लग्न कितव्या वर्षी व्हायचं, राज्य कोणाचं होतं, हे आजीला, सरांना विचारा. मग लेखक कोणत्या बाजूनं बोलतो ते शोधा. अडलेला शब्द सोडून देऊ नका, कारण जुन्या लेखकाची सगळी गंमत बऱ्याचदा त्याच शब्दात लपलेली असते. आणि शेवटी स्वतःला विचारा, की ही गोष्ट आज आपल्या गावात घडते का? दारूनं घर मोडतं का? नवरा मेलेल्या पोरीला लग्नाच्या मांडवात पुढे येऊ देतात का? हळदी-कुंकवाला तिला बोलावतात का? उत्तर आपल्याला माहीत आहे. १९०१ आणि १९०७ सालची नाटकं जुनी झाली, विषय जुने झाले नाहीत.

शेवटची कामाची गोष्ट. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क संपतो. कोल्हटकर १९३४ साली गेले, म्हणजे 'सुदाम्याचे पोहे' आता सगळ्यांसाठी मोकळं आहे. कोणीही छापावं, कोणीही वाचावं. जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सापडतात. मोबाईलमध्ये पुस्तकाचं नाव टाका, डाऊनलोड करा, आणि संध्याकाळी पारावर एक जण वाचा, बाकीच्यांनी ऐका. सुरुवात 'चोरांचे संमेलन'पासून करा. गावात सभा, मेळावे, संमेलनं सारखी होतच असतात, त्यामुळे समजायला जड जाणार नाही.